आजीच्या शिकवणीतून डिस्कोपर्यंत : सिस्टर स्लेजविषयी वाचकांचे प्रश्न

गेल्या महिन्याच्या अंकात ग्वाल्हेर घराण्यातील हद्दू खाँ आणि हस्सू खाँ या बंधूंविषयी लिहिताना मी अमेरिकेतील ‘सिस्टर स्लेज’ या चार बहिणींच्या गायनगटाचा उल्लेख एका वाक्यात केला होता. लेखातील बाकीच्या मजकुरापेक्षा त्या एका वाक्यावरच अधिक पत्रे आली. त्यांपैकी पाच पत्रांना येथे उत्तरे देत आहे. जागेअभावी प्रश्न थोडे आटोपशीर केले आहेत.

प्रश्न : घराण्याची तालीम आणि डिस्को यांची नावे आपण एका दमात घेतलीत, हे मला रुचले नाही. डिस्को म्हणजे दिव्यांचा झगमगाट आणि स्टुडिओतील यंत्रांची करामत. त्यात घरातून मिळालेल्या शिक्षणाचा संबंध कोठे येतो? (एक वाचक, राजेंद्रनगर, इंदूर)

उत्तर : डिस्को हे बऱ्याच अंशी स्टुडिओत घडवलेले संगीत आहे, हे आपले म्हणणे मला मान्य आहे. परंतु ज्या गाण्यामुळे या बहिणी जगभर पोहोचल्या, ते ‘वुई आर फॅमिली’ १९७९ साली लोकांच्या कानावर पडले तेव्हा त्या चौघींच्या मागे गाण्याची कितीतरी वर्षे जमा झालेली होती, आणि ती सर्व घरातून सुरू झालेली होती. डेबी, जोनी, किम आणि कॅथी या स्लेज भगिनी फिलाडेल्फिया शहरातल्या. वडील टॅप नर्तक होते, आई अभिनेत्री होती आणि पुढे तीच मुलींच्या कार्यक्रमांची व्यवस्था पाहू लागली. पण मुलींना गायला शिकवले ते आजीने. व्हायोला विल्यम्स हे त्यांचे नाव. त्या स्वतः ऑपेराच्या शिकलेल्या गायिका होत्या. ऑपेरा गाणाऱ्याला ध्वनिक्षेपकाचा आधार नसतो. पोटातून घेतलेला श्वास आणि शब्दांचा स्वच्छ उच्चार यांवर सभागृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोहोचवावा लागतो. अशा शिकवणुकीतून गेलेली आजी घरात असणे म्हणजे काय, हे आपल्याकडे ज्यांच्या घरी पहाटे तंबोरा लागत असे त्यांना निराळे सांगावे लागणार नाही.

चर्चमध्ये आणि गावातल्या समारंभांत या मुली गाऊ लागल्या तेव्हा त्यांना स्वतंत्र नाव नव्हते. ‘मिसेस विल्यम्स यांची नातवंडे’ असेच त्यांना पुकारले जाई. अमुक बुवांचे शिष्य, अमुक घरातली मुले, अशी गाणाऱ्याची ओळख सांगण्याची आपली रीत याहून फार वेगळी नाही, आणि म्हणूनच मला त्या लेखात त्यांची आठवण झाली होती.

१९७१ मध्ये त्यांनी ‘सिस्टर स्लेज’ या नावाने गाण्यास आरंभ केला. थोरली डेबी तेव्हा सोळा-सतरा वर्षांची होती आणि धाकटी कॅथी जेमतेम बारा. पुढे त्या अटलांटिक या मोठ्या रेकॉर्ड कंपनीकडे गेल्या. सप्टेंबर १९७४ मध्ये मुहम्मद अली आणि जॉर्ज फोरमन यांच्या मुष्टियुद्धाच्या निमित्ताने झाईरची (आजच्या काँगो लोकशाही प्रजासत्ताकाची) राजधानी किन्शासा येथे जो मोठा संगीत महोत्सव झाला, त्यात त्या गायल्या. त्यांची पहिली एलपी, म्हणजे अनेक गाण्यांची मोठी तबकडी, १९७५ मध्ये निघाली, आणि इंग्लंडात त्यांच्या एका गाण्याने पहिल्या विसांत जागा मिळवली. १९७७ मध्ये जर्मनीतल्या म्युनिकच्या निर्मात्यांकडून त्यांनी एक एलपी करून घेतली, परंतु तिला मोठे यश लाभले नाही. गाण्याबरोबरच या बहिणी टेम्पल विद्यापीठात शिक्षणही घेत होत्या. सात-आठ वर्षे काम करूनही घराघरांत नाव पोहोचत नाही, अशी अवस्था आली होती आणि हा मार्ग सोडून द्यावा की काय, असा विचारही त्यांच्या मनात येऊन गेला होता.

त्यानंतर ‘शिक’ या डिस्को गटाचे नाइल रॉजर्स आणि बर्नार्ड एडवर्ड्स हे दोघे आले. त्यांची स्वतःची गाणी त्या वेळी जोरात चालली होती, म्हणून अटलांटिकचे प्रमुख जेरी ग्रीनबर्ग यांनी त्यांना कंपनीतल्या कोणत्याही नामांकित कलाकाराबरोबर काम करण्याची मुभा देऊ केली. या दोघांनी बड्या नावांऐवजी स्लेज भगिनींची निवड केली. या मुली घरातल्या घरात कशा एकमेकींना धरून असतात, याचे जे वर्णन ग्रीनबर्ग यांनी बोलता बोलता केले, त्यातूनच त्या प्रसिद्ध गाण्याची कल्पना निघाली. म्हणजे ‘आम्ही एका कुटुंबाच्या आहोत’ हे शब्द बहिणींनी लिहिलेले नाहीत. ते लिहिणाऱ्या दोघांनी ही बाब ऐकीव माहितीवरून घेतली होती. ते शब्द खरे वाटतात याचे कारण ते गाणाऱ्या मुली आजीच्या खोलीतून उभ्या राहिल्या होत्या, हे आहे, आणि आपल्या प्रश्नाला माझे उत्तर हेच आहे.

प्रश्न : मी अनेक वर्षे ख्याल शिकते आहे. आपण उल्लेख केल्यावर ते गाणे मुद्दाम ऐकले, पण एका वेळी किती जणी गात आहेत आणि कोणता सूर कोणाचा आहे, हेच मला उमगेना. असे संगीत ऐकावे तरी कसे? आणि सख्ख्या बहिणींचे आवाज खरोखरच अधिक मिळतात का? (एक वाचिका, लष्कर, ग्वाल्हेर)

उत्तर : आपल्या कानाला एका वेळी एका सुराचा पाठलाग करण्याची सवय असते, म्हणून ही अडचण येते. पेटी समोर घ्या, भाता चालवा आणि सा, ग, प हे तीन सूर एकदम दाबा. जे ऐकू येते ती एकच भरीव वस्तू आहे असे प्रथम वाटते. आता गंधारावरचे बोट उचला आणि पुन्हा ठेवा. बोट उचलले की आवाज पोकळ होतो, ठेवले की त्याच्यात ऊब येते. गटगायनात प्रत्येकीकडे असा एकेक सूर असतो आणि आपला सूर न सोडता शेजारणीच्या सुराकडे कान ठेवणे हे तिचे काम असते. गाणे ऐकताना सर्वांत वरचा आवाज सोडून मधल्या आवाजाचा माग काढायचा प्रयत्न करा. दोन-तीन वेळा ऐकल्यावर तो सापडतो, आणि एकदा सापडला की मग सुटत नाही.

बहिणींच्या आवाजांविषयी विचाराल तर ते अधिक मिळतात, असे मी ठामपणे म्हणेन. अमेरिकेत यासाठी ‘ब्लड हार्मनी’ असा शब्द रूढ आहे. गळ्याची, टाळूची आणि जबड्याची ठेवण बरीचशी सारखी असल्याने आवाजाचा रंग जवळचा असतो, हे एक कारण. परंतु माझ्या मते उच्चार हे त्याहून मोठे कारण आहे. मागच्या रविवारी रामबागेतल्या माझ्या खोलीत तीन विद्यार्थिनी होत्या. त्यांतल्या दोघी सख्ख्या बहिणी, तिसरी त्यांच्या मैत्रिणीची मैत्रीण. तिघींना काळी चारच्या षड्जावर प्रथम ‘आ’ आणि मग ‘ए’ लावायला सांगितले. आकार लागला तेव्हा तिघींचा सूर एकच होता आणि काही खटकले नाही. ‘ए’ लागताच मात्र सूर तोच असूनही आवाज दुभंगला. दोन्ही बहिणी ओठ किंचित ताणून, अरुंद तोंडाने ‘ए’ म्हणत होत्या आणि तिसरी तो मोकळा, जवळजवळ ‘ॲ’च्या अंगाने म्हणत होती. बहिणींना कोणी असे शिकवले नव्हते. त्यांच्या घरात ‘ए’ तसाच बोलला जातो. एकाच घरात बोलायला शिकलेल्यांचे स्वर असे आधीच जुळलेले असतात. बाहेरच्या माणसाला ते जुळवून घ्यायला महिने लागतात. कोणी कोठे श्वास घेणार, हेही भावंडांना न बघता कळते.

त्या एलपीवरचा प्रत्येक आवाज बहिणींचाच आहे, असे मात्र समजू नये. पार्श्वगायनात शिकच्या मंडळींचे आवाज आहेत, आणि पुढे स्वतः मोठे गायक म्हणून गाजलेले ल्यूथर व्हँड्रॉस यांचाही त्यांत समावेश आहे. तुम्हाला आवाज मोजता आले नाहीत याचे हेही एक कारण असू शकेल.

लयीविषयी दोन शब्द सांगतो, कारण ख्याल शिकणाऱ्याला तेथेही ठेच लागते. डिस्कोत खालीची, म्हणजे टाळी न देता मोकळी सोडलेली, मात्रा नसते. मिनिटाला साधारण १२० मात्रा, आणि त्यांतल्या प्रत्येक मात्रेवर पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमचा सारखाच ठोका. दोन ठोक्यांच्या मधोमध झांजेचा उघडा आवाज. हा ठेका घडवण्याचे श्रेय ज्या वादकाला देतात तो अर्ल यंग हाही फिलाडेल्फियाचाच, म्हणजे स्लेज भगिनींच्या गावचा. १९७३ मधल्या त्याच्या वादनाचा दाखला त्यासाठी नेहमी दिला जातो. ठोका असा अढळ असल्यामुळे लयीशी खेळण्याची सारी मोकळीक गाणाऱ्याकडे येते. शब्द ठोक्याच्या केसभर मागे ठेवायचा की पुढे काढायचा, एवढाच तो खेळ असतो, पण त्यात गाणे जिंकता येते आणि हरताही येते.

‘वुई आर फॅमिली’मध्ये मुख्य आवाज कॅथीचा आहे. ती तेव्हा एकोणीस वर्षांची होती आणि न्यूयॉर्कच्या पॉवर स्टेशन स्टुडिओत तिने तो एकाच टेकमध्ये, म्हणजे एकाच सलग ध्वनिमुद्रणात, गायला, असे सांगतात. एलपीवरचे गाणे आठ मिनिटांहून मोठे आहे. बाजारात निघालेली छोटी आवृत्ती ऐकली असेल तर ती बाजूला ठेवा. गाणे अंतऱ्याने सुरू न होता थेट ध्रुवपदानेच सुरू होते. उत्तरार्धात बाकीच्या जणी ते ध्रुवपद धरून ठेवतात आणि कॅथी त्यांच्या मधल्या फटींत स्वतःच्या हरकती, पुकार, तुटक उद्गार भरत राहते. भजनात टाळकऱ्यांनी ध्रुवपद लावून धरावे आणि बुवांनी मधल्या जागा भराव्यात, तशी ही रचना आहे. ती चर्चमधल्या गायनातून आली आहे आणि तेथे कॅथी लहानपणापासून गात होती. एका टेकमध्ये ते शक्य झाले याचे मला म्हणूनच आश्चर्य वाटत नाही.

प्रश्न : बोनी एम आणि रिची फॅमिली हेही असेच कौटुंबिक गट होते ना? (एक वाचक, देवास)

उत्तर : दोन्ही नव्हते. बोनी एम हा जर्मन निर्माते फ्रँक फेरियन यांनी जमवलेला गट होता. त्याचे चार चेहरे कॅरिबियन बेटांतून आलेले, परस्परांशी नाते नसलेले होते आणि रेकॉर्डवरचा पुरुषी आवाज स्वतः फेरियन यांचा होता. रिची फॅमिली फिलाडेल्फियात तयार झाली, पण तिचे नाव संगीत संयोजक रिची रोम यांच्यावरून पडले; गाणाऱ्या स्त्रिया एका घरातल्या नव्हत्या. डिस्कोच्या काळातली खरी भावंडे पाहायची असतील तर बॅरी, रॉबिन आणि मॉरिस या गिब बंधूंचा बी जीज, आणि केप व्हर्डे बेटांतून आलेल्या घराण्यातील टव्हारेस बंधू. १९७७ च्या ‘सॅटर्डे नाइट फीव्हर’ या चित्रपटाच्या रेकॉर्डवर हे दोन्ही गट आहेत, आणि टव्हारेस बंधूंनी तेथे गायलेले गाणे गिब बंधूंचेच आहे.

प्रश्न : एवढे यश मिळाल्यावर हा गट पुढे दिसेनासा का झाला? डिस्को संपले म्हणून की बहिणींत बेबनाव झाला म्हणून? आणि आपल्याकडे डिस्को कसे रुजले? (एक वाचिका, वडोदरा)

उत्तर : आधी यशाचे माप सांगतो. १९७९ मध्ये ‘ही’ज द ग्रेटेस्ट डान्सर’ हे गाणे अमेरिकेच्या मुख्य लोकप्रियता यादीत नवव्या आणि ‘वुई आर फॅमिली’ दुसऱ्या क्रमांकावर पोहोचले. कृष्णवर्णीय श्रोत्यांच्या संगीताची जी वेगळी यादी तेव्हा असे, तिच्यात दोन्ही पहिल्या क्रमांकावर होती. ज्या एलपीत ही दोन्ही गाणी आहेत तिच्यावरच ‘लॉस्ट इन म्युझिक’ आणि ‘थिंकिंग ऑफ यू’ आहेत. एका तबकडीवर अशी चार गाणी असणे दुर्मीळच. यांतल्या ‘ही’ज द ग्रेटेस्ट डान्सर’विषयी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. ते मुळात शिकसाठी लिहिलेले होते आणि बहिणींसाठी ठरवलेले दुसरे एक गाणे शिकने स्वतःकडे ठेवून घेतले, अशी अदलाबदल झाली. त्या गाण्यात अनोळखी नर्तकाला ‘मला घरी घेऊन चल’ असे म्हणणारी एक ओळ आहे. चर्चच्या संस्कारात वाढलेल्या या मुलींना ती अवघड वाटली आणि त्यांनी ती बदलण्याची विनंती केली. निर्मात्यांनी बदलली नाही. गाणे गाजले, हे खरे. तरीही आपल्या तोंडी कोणते शब्द यावेत हे सांगण्याचा अधिकार गाणाऱ्याला असू नये, ही त्या व्यवस्थेतील मोठी उणीव मला वाटते, आणि पुढे जे घडले त्याचे मूळही मला तेथेच दिसते.

त्याच वर्षी अमेरिकेत डिस्कोविरुद्ध लाट उसळली. १२ जुलै १९७९ रोजी शिकागोच्या कॉमिस्की पार्क मैदानावर बेसबॉलच्या दोन सामन्यांच्या मध्यंतरात लोकांनी आणलेल्या डिस्कोच्या तबकड्या स्फोटाने उडवण्यात आल्या. जमाव मैदानात घुसला आणि दुसरा सामना होऊ शकला नाही. या रागाचे लक्ष्य केवळ एक ठेका नव्हता. डिस्को ज्यांनी वाढवले ते बहुतांशी कृष्णवर्णीय, लॅटिन आणि समलिंगी समाजातले लोक होते, आणि त्यांच्याविषयीचा आकस त्या ज्वाळांत होता, असे अनेक जाणकारांनी नोंदवले आहे. मलाही ते पटते. पण त्याच हंगामात पिट्सबर्ग पायरेट्स या बेसबॉल संघाने ‘वुई आर फॅमिली’ हे आपले गाणे म्हणून स्वीकारले, कर्णधार विली स्टारजेल यांनी ते उचलून धरले आणि ऑक्टोबरमध्ये त्या संघाने अजिंक्यपदही मिळवले. जुलैत ज्या खेळाच्या मैदानावर डिस्कोच्या तबकड्या फुटल्या, त्याच खेळाच्या प्रेक्षकांनी तीन महिन्यांनी एक डिस्को गीत घसा फोडून गायले.

रेडिओ केंद्रांनी पाठ फिरवली तशी शिकच्या धाटणीची मागणी ओसरली. १९८१ ची एलपी बहिणींनी नारडा मायकेल वॉल्डेन या दुसऱ्या निर्मात्यांकडे केली. तरीही गट दिसेनासा झाला, असे म्हणता येणार नाही. त्याचे श्रोते अटलांटिक महासागराच्या दुसऱ्या काठावर राहिले. १९८४ मध्ये ‘लॉस्ट इन म्युझिक’ची नव्याने मिश्रित केलेली (रीमिक्स) आवृत्ती इंग्लंडात चौथ्या क्रमांकावर गेली आणि १९८५ मध्ये ‘फ्रँकी’ हे गाणे तेथे चार आठवडे पहिल्या क्रमांकावर होते. मायदेशात त्याच गाण्याकडे फारसे कोणी पाहिले नाही. कॅथी १९८९ मध्ये स्वतंत्र गाण्यासाठी बाहेर पडली. एकत्र गाणाऱ्या घरात एकीचाच आवाज सतत पुढे ठेवला गेला की असे वळण कधीतरी येते. यासाठी कोणा एकीला दोष देणे मला योग्य वाटत नाही. उरलेल्या तिघी गात राहिल्या. २०१५ मध्ये पोप फ्रान्सिस फिलाडेल्फियाला आले तेव्हाच्या कुटुंबमेळाव्यात हा गट गायला. १० मार्च २०१७ रोजी जोनीचे वयाच्या साठाव्या वर्षी निधन झाले. पुढच्याच वर्षी अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयाने ‘वुई आर फॅमिली’चा समावेश राष्ट्रीय ध्वनिमुद्रण संग्रहात केल्याचे जाहीर केले. डेबी आता आपल्या मुलांना सोबत घेऊन गाते.

आपल्याकडे डिस्को रुजले ते अमेरिकेत ते ओसरू लागल्यावर, आणि आपण पत्रात विचारलेच आहे म्हणून सांगतो, तेही भावंडांच्याच आवाजात. १९८० च्या ‘कुर्बानी’ चित्रपटात नाझिया हसन हिने संगीतकार बिद्दू यांच्याकडे गाणे म्हटले तेव्हा ती शाळकरी मुलगी होती. १९८१ मध्ये तिने भाऊ झोहेब याच्यासह ‘डिस्को दीवाने’ काढले. बिद्दू मूळचे बंगळूरचे, लंडनमध्ये स्थिरावलेले. त्या वर्षीच्या गणेशोत्सवात इंदूरच्या वाद्यवृंदांना या गाण्यांच्या किती फर्माइशी येत, ते मी मांडवात शेवटच्या खुर्चीवर बसून ऐकले आहे. सिस्टर स्लेजची तबकडी मात्र मला पुढे कितीतरी वर्षांनी मिळाली.

प्रश्न : माझ्या तीन मुली चौदा, अकरा आणि नऊ वर्षांच्या आहेत. गणेश मंडळाच्या कार्यक्रमात तिघींनी मिळून गावे अशी इच्छा आहे. तिघींनी एकच सूर गावा की वेगवेगळे? आणि धाकटीचा आवाज सर्वांत चांगला आहे, तर मुख्य ओळी तिलाच द्याव्यात का? (एक आई, सुदामानगर, इंदूर)

उत्तर : पहिला महिनाभर तिघींना एकच सूर गाऊ द्या. षड्ज लावून एकेक स्वरवर्ण, म्हणजे आ, इ, ए, ओ, सावकाश म्हणायला सांगा आणि आपण डोळे मिटून ऐका. तीन आवाज एक झाले की नाही, हे आईच्या कानाला नक्की कळते. ते जमल्यावर गाण्याच्या फक्त शेवटच्या ओळीत दोन सूर करा. अकरा वर्षांच्या मुलीला मूळ चाल द्या आणि मोठीला तिच्या खालचा सूर. चौदाव्या वर्षी मुलींचा आवाजही थोडा बदलत असतो, म्हणून तिच्याकडून वरच्या पट्टीचा आग्रह धरू नये. धाकटीने मधलीबरोबर मूळ चालीवरच राहावे. नऊ वर्षांच्या मुलीला निराळा सूर धरून ठेवणे जड जाते आणि ती घाबरून ओरडू लागते. पट्टी ठरवताना मोठीच्या सोयीने ठरवा.

मुख्य ओळींविषयी माझे मत स्पष्ट आहे. तीन कडवी असतील तर तिघींना एकेक द्या. धाकटीचा आवाज चांगला आहे हे मंडपात बसलेल्यांना एका कडव्यातही समजेल, आणि मोठ्या दोघींना आपण केवळ साथीला आहोत असे वाटणार नाही. तालमीच्या वेळी त्यांना आरशासमोर उभे करू नका. एकमेकींकडे तोंड करून, हाताच्या अंतरावर उभे करा, म्हणजे श्वास कोठे घ्यायचा हे त्या एकमेकींच्या खांद्यांवरून ओळखायला शिकतील. घरात आजी असेल आणि ती गात असेल, तर रोजची तालीम तिच्यापुढे होऊ द्या.